ढवळे सरांची हरळी

परतूरहून जालन्याकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लग्नाची कार्यालयं लागतात आणि प्रत्येकाच्या कमानीवर 'लॉन्स' असं लिहिलेलं असतं. अमुक लॉन्स, तमुक लॉन्स. आत जाऊन बघा, गवताची काडी सापडायची नाही. मुरूम दाबलेला, त्यावर हिरवं कापड. मी कधी त्यावरून तोंड वाजवलं नाही; ज्याचं लग्न त्याची हौस. पण परवा आमच्या शेजारी, ढवळे सरांच्या अंगणात, नव्या मालकानं प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि माझं डोकं फिरलं.

माणूस भला आहे बिचारा. कौतुकानं बोलावून दाखवलं. "बघा बाई, पाणी नको, कापणी नको, कायबी कटकट न्हाई. बाराही महिने हिरवंगार." वैशाखातली दुपार होती. मी वाकून त्या गवतावर तळहात टेकवला आणि झटकन उचलला. तव्यावर टेकवल्यासारखा भाजला. "छान आहे हो," म्हटलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. त्याला काय सांगणार? या जागेवर एक माणूस रोज सकाळी गुडघे टेकून कशासाठी फिरायचा, हे त्याला काय डोंबल माहीत!

ढवळे सर मुलांच्या शाळेत पी.टी.चे मास्तर होते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणायचे. आमच्या दोन घरांत एक कमरेएवढी भिंत. मूळचे तीर्थपुरीचे, शेतकऱ्याच्या घरातले. धाकटा भाऊ अजून तिथं शेती करतो. उंच, वाळकुडे, उन्हानं रापलेले, आणि गळ्यात शिट्टी. निवृत्त झाले तरी ती शिट्टी गळ्यातून उतरली नाही. दारात कुत्रं आलं, शिट्टी. भंगारवाला आला, शिट्टी. नगरपालिकेचं पाणी सुटलं की एक लांबलचक शिट्टी, ती मात्र सगळ्या गल्लीसाठी. आम्ही बाया हातातलं टाकून नळाकडं पळायचो. कौतुक त्यांना जमायचं नाही. एखादी गोष्ट आवडली की 'बराबर' म्हणायचे, फारच आवडली तर 'बिलकुल बराबर'. त्याच्या पुढं शब्द नव्हता त्यांच्याकडं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. आम्ही सगळे सुमी म्हणायचो. जन्मतःच तिच्या मणक्यात दोष होता. कमरेखाली पाय होते, पण नुसते होते. चिमटा काढा, चटका द्या, तिला काही कळायचं नाही. हातांवर जोर देऊन, पाय मागं ओढत ती घरभर फिरायची आणि जिथं जायची तिथं आधी तिची बडबड पोचायची. चाकाची खुर्ची आणली होती सरांनी. ती म्हणायची, "खुर्चीत बसले की मला कुणीतरी ठेवून दिल्यासारखं वाटतं, बाई. भुईवर मी माझी माझी जाते."

सरांनी नवीन घर बांधलं तेव्हा अंगणात शहाबादी फरशी घातली होती. गल्लीतली पहिली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. सुमी तेव्हा लहान होती, फ्रॉकातली. मे महिन्यातल्या एका भर दुपारी आईचा डोळा लागला आणि पोरगी कडुलिंबाच्या लिंबोळ्या वेचायला बाहेर सरकली. सावली कधीच हलली होती. तापलेल्या फरशीवर ही बसली, आरामात, लिंबोळ्या मोजत, गाणं म्हणत. मी भिंतीवरून हाक मारली तर हसून हात हलवला. मला काय कल्पना! आईनं येऊन उचललं तेव्हा मांडीची कातडी फरशीला राहिली. आणि पोरगी विचारतीय, "आई, तू का रडून राह्यली?"

ती जखम दिवाळी उलटली तरी भरली नव्हती. डॉक्टरांनी सरांना बजावलं, हिला दुखत नाही हेच हिचं मोठं दुखणं आहे. खडा, काटा, चटका, काहीही चालणार नाही. एक जखम आत गेली तर पोर हातची जाईल.

सर दवाखान्यातून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन फरशी उखडायला लागले. मी विचारलं, "सर, हे काय मांडलंय?"

"मैदान बदलून राह्यलो, बाई."

तेव्हापासून त्या अंगणाला ते मैदान म्हणायचे. तिथं गवत लावायचं हे ठरलं, पण आमच्याकडचं ऊन म्हणजे काय विचारता! त्यांनी मोठ्या नर्सरीतून गालिच्यासारखं गुंडाळलेलं गवत आणलं. दिवाळीत ते इतकं देखणं दिसलं की लोक फोटो काढून गेले. मार्चमध्ये पिवळं पडलं, एप्रिलमध्ये वाळून त्याच्या झाडण्या झाल्या. सर गुमान तीर्थपुरीला गेले आणि भावाच्या बांधावरची हरळी मुळ्यांसकट पोत्यात भरून घेऊन आले. हरळी! जिच्या नावानं शेतकरी बोटं मोडतो, जी नांगरून, वेचून, जाळूनही वावर सोडत नाही, ती. भाऊ एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "दादा, सगळा जिल्हा हरळी उपटून मरून राह्यला, अन् तू पोत्यानं घेऊन चाल्ला?"

"तुझ्या वावरात ती दुश्मन," सर म्हणाले. "मला अशीच पाहिजे. मरायला तयार नसलेली."

आणि ती हरळी धरली. सरांनी तिला पोरांसारखी शिस्त लावली. रोज रोज पाणी शिंपडायचं नाही. मुळ्या वरवर राहतात आणि उन्हात पहिल्या मरतात. एकदा भरपूर द्यायचं, पहाटे, मग ताण द्यायचा, म्हणजे मुळी पाणी शोधत खाली जाते. उन्हाळ्यात बारीक कापायचं नाही. उंच राहिलं तर स्वतःच्या मुळावर स्वतःच सावली धरतं, आणि वर मऊही राहतं. हे शेवटचं त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. कुणी म्हटलं, "सर, जरा कापा की, जंगल झालंय," तर ते हात करून सुमीकडं दाखवायचे आणि विषय संपायचा.

चपला घालून मैदानात पाऊल टाकलेलं त्यांना खपायचं नाही. चपलेच्या तळव्यातून काटे येतात म्हणून. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी माणसांचा लवाजमा घेऊन हात जोडत थेट गवतावर आला. सरांनी अशी शिट्टी मारली की पुढारी जोडलेल्या हातांनी तसाच जागच्या जागी थिजला. "बूट काढा, मंग मत मागा," सर म्हणाले. सुमी लिंबाखाली ब्लाउजला हुक लावत बसली होती, ती ओरडली, "अण्णा, त्यांच्या मोज्याला भोक असंल, लाजून राह्यले ते!" खरंच होतं की काय कोण जाणे, पण पुढारी बाहेरूनच परत गेला. सुमी हसून हसून गवतावर आडवी झाली. तिचं सगळं राज्य तिथंच होतं. साड्यांचे फॉल, हुक, गल्लीतल्या पोरींच्या शिकवण्या, मांजर, आणि भिंतीवरून माझ्या स्वयंपाकावर लक्ष. "बाई, फोडणी करपली!" तिचं नाक मोठं तिखट.

पण मला सर डोळ्यांपुढं येतात ते सकाळचे. सूर्य वर आला की ते पँट दुमडून मैदानाच्या एका टोकाला गुडघे टेकायचे आणि दोन्ही तळहात गवतातून फिरवत, जमीन चाचपत, रांगत दुसऱ्या टोकाला जायचे. तिथून वळून परत. एकही पट्टा सोडायचे नाहीत. काचेचा तुकडा, लिंबाची काडी, खडा, मिळेल ते खिशात. मुख्य शोध सराट्यांचा. आमच्या काळ्या मातीत सराटा कुठंही उगवतो. जमिनीलगत पसरतो, पिवळी नाजूक फुलं येतात आणि मागाहून ते शिंगांचे काटे. सायकलचं टायर फोडणारे. त्यांना मी एकदा म्हटलं, "सर, झाडून घेतलं तर चालणार नाही का? या वयात गुडघे जातील."

"झाडूला काय कळतंय, बाई? ती जशी जाणार तसं मला आधी जाऊन यायला पाहिजे."

फेरी संपली की उभे राहून एक छोटी शिट्टी, आणि घराकडं तोंड करून, "मैदान मोकळं!" मग सुमी उंबऱ्यातून बाहेर सरकायची. संध्याकाळी तिची आई, कमलवहिनी, तिला आत घेऊन आरशानं तिची पाठ, मांड्या, टाचा तपासायची. आई आणि बाप, दोघांनी मिळून एका पोरीच्या कातडीची राखण केली. कितीतरी वर्षं केली. मग कमलवहिनी काविळीनं गेल्या. तपासणीचं काम सुमीकडं आलं. मोठी झालेली मुलगी, बापाला कशी दाखवणार? "मी बघते की आरशात, अण्णा," ती म्हणायची. सर मान खाली घालून "बराबर" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर ते वाईट वर्ष आलं. पाऊस असा रुसला की हिवाळ्यातच बोअर गचके द्यायला लागलं. नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, शिट्टी ऐकायला कान तरसायचे. सर आंघोळीचं पाणी गवताला घालायचे, भांड्यांचं घालायचे, पण कुठं पुरणार? हरळी कोमेजायला लागली आणि खालची जमीन डोकावायला लागली. काळी जमीन तापली की फरशीहून कमी नसते.

तेव्हा आमची गल्ली गल्लीसारखी वागली, हे मला सांगितलंच पाहिजे. एरवी नालीवरून एकमेकींची तोंडं न बघणाऱ्या बाया आम्ही. पण प्रत्येकीच्या घरात फिल्टर होता, आणि फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते आम्ही फरशी पुसायला धरून ठेवत होतो. कुणीतरी म्हणालं, ते सुमीच्या मैदानाला देऊ. झालं, रोज संध्याकाळी बादल्यांची रांग. जिच्या सासूला चालता येत नव्हतं, तिची सासूसुद्धा तांब्या घेऊन यायची. सर गेटात उभे राहून प्रत्येक बादली दोन्ही हातांनी घ्यायचे. सुमी ओटीवरून म्हणायची, "आज कुणाची बादली छोटी हाय, मी लिहून ठेवते हां!"

गवत आधी जरा तरतरीत झालं. मग टोकं पिवळी पडली, मग भाजल्यासारखं करपलं, आणि जमिनीवर पांढरी साय आली. सरांनी ती साय बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट. आमचं बोअरचं पाणी मुळात जड, त्यातले सगळे क्षार फिल्टर बाजूला काढतो आणि त्याच वाया पाण्यात सोडतो. आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेनं, रोज मीठ घातलं होतं त्या मैदानाला.

त्यानंतरही कितीक दिवस बादल्या येत राहिल्या आणि सर तसेच दोन्ही हातांनी घेत राहिले. सगळ्या गेल्या की मागच्या नालीत ओतून द्यायचे. मी गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा दिसलं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "दिल तुटंल लोकांचं, बाई."

त्या उन्हाळ्यात सुमी घरात कोंडली गेली. खाट, खिडकी आणि कूलरची घरघर. तिची बडबड थांबली, माझी भाजी करपली तरी भिंतीपलीकडून आवाज येईना. एकदा मात्र आला. "मला कुठं सोडायचं तर सोडा अण्णा, पण असं ठेवू नका! मी काय सामान हाय का?" थोड्या वेळानं सर बाहेर आले आणि त्या मेलेल्या मैदानाकडं बघत ओटीवर बसून राहिले.

पाऊस पडला तसे ते कामाला लागले. खारट साय खरवडून काढली, पहारीनं जमीन ठोशे मारून मोकळी केली, दोन-चार मोठे पाऊस त्यातून निथळू दिले. तीर्थपुरीला भावाच्या वावरात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या, तिथलं लेंडीखत ट्रॉलीनं आणून पसरलं. आणि काय सांगू, हरळी अशी फुटली! इतकं दाट, इतकं मऊ गवत मी आमच्या गावात कधी बघितलं नाही. सुमी बाहेर आली त्या दिवशी तिनं गवतात गाल घासला आणि ढसाढसा रडली. सर म्हणाले, "बिलकुल बराबर." आणि आत निघून गेले.

मेंढ्या माळरानावर चरतात. त्यांच्या लोकरीला, खुरांना, लेंड्यांना सराटे चिकटून येतात. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, शेतकऱ्याचा मुलगा तो. खत चाळून घेतलं होतं त्यांनी. पण सराट्याचं बी म्हणजे काय, एक राहिलं तरी पुरतं. मैदानात पिवळी फुलं दिसली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सकाळची फेरी झाली की संध्याकाळीही फेरी सुरू झाली. वेल दिसेल तो मुळासकट उपटायचे, फडक्यात बांधून जाळायचे. "कापून टाका ना सर सगळं बारीक, म्हणजे दिसेल तरी," मी म्हटलं. ते म्हणाले, "बारीक केलं तर जमीन उघडी पडंल, बाई. चटका बसंल." त्या उंच मऊ गवताच्या तळाशी, मातीच्याच रंगाचा, एक काटा त्यांच्या हाताला लागला नाही. सुमीला लागला. आणि तिला तो कळला नाही.

ताप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, साथ आहे. मग ती भ्रमात बोलायला लागली. जालन्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होते. नर्सनं कुशीवर वळवलं आणि माझ्या तोंडाला पदर गेला. मांडीच्या मागं, वर, काळंनिळं पडलं होतं. डॉक्टर सरांवर खेकसले, "इतके दिवस काय करून राह्यले होते तुम्ही?" सर सावधानमध्ये उभे राहावं तसे उभे. शाळेत पोरं त्यांच्यापुढं उभी राहायची, तसे.

सुमीला मधेच शुद्ध आली. तिनं बापाचा हात धरला. "अण्णा, मला दिसलं होतं आरशात. छोटंसंच होतं. मी हळद लावत होते."

"मंग सांगितलं का न्हाई, माय?"

"तुम्ही बाहेर सोडलं नसतं."

दुसऱ्या कुणी खोटं बोलून समजूत घातली असती. सरांना ते येत नव्हतं. "बराबर हाय," ते म्हणाले. "न्हाई सोडलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मला देवाचा असा राग आला की घरी आल्यावर कितीतरी दिवस मी दिवा लावला नाही. ज्या पोरीला दुखणं दिलं नाहीस, तिला मरण तेवढं कसं बराबर पोचवलंस? कुणाला शिव्या द्यायच्या, सांगा. बादल्या देणाऱ्या आम्हाला? मेंढ्यांना? न पडलेल्या पावसाला?

तिला घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली जमली होती. आमच्याकडं नेण्याआधी अंगणात भुईवर ठेवतात. गाडीतून चौघांनी तिला उतरवलं आणि गेटातून आत निघाले तोच सर आडवे आले. "थांबा," म्हणाले. पँट दुमडली, गुडघे टेकले आणि मैदानाच्या टोकापासून सुरू केलं. दोन्ही तळहात गवतातून फिरवत, जमीन चाचपत, दुसऱ्या टोकापर्यंत, तिथून वळून परत. पट्टा न सोडता. चौघे खांद्यावर भार घेऊन उभे. गुरुजी काही बोलायला गेले, त्यांना सरांच्या भावानं गप्प केलं. बाया तोंडात पदर कोंबून बघत होत्या. फेरी संपली. सर उभे राहिले, हात झटकले. शिट्टीला हात गेला, पण वाजवली नाही. "आणा आता," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मैदानाला हात लावला नाही. पाणी नाही, कापणी नाही, फेरी नाही. पाऊस सरला तशी हरळी मागं हटली आणि सराट्यानं रान मोकळं बघून अंगण धरलं. सगळीकडं वेल, सगळीकडं ती नाजूक पिवळी फुलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय सुंदर बाग आहे. मग उन्हात सगळं वाळलं आणि नुसते काटे राहिले.

भाऊ त्यांना तीर्थपुरीला न्यायला आला, घर विकायचं ठरलं. जायच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन भिंतीपाशी गेले. सर मैदानात होते. चालत होते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, तिथून वळून परत. पँट दुमडलेली, गळ्यात शिट्टी नाही. पायात काही नव्हतं. मी कप भिंतीवर ठेवला आणि वाकून बघितलं. दोन्ही तळवे सराट्यांनी भरले होते, टाचेतून रक्त मातीवर उमटत होतं, आणि ते एकही काटा न काढता पाऊल टाकत होते.

"सर!" मी ओरडले. "अहो, चप्पल घाला! काटे लागून राह्यलेत तुम्हाला!"

ते थांबले. खाली पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला लागून राह्यलं, बाई," ते म्हणाले. "मला कळून राह्यलं." आणि पुन्हा चालायला लागले.